भोपळ्याला ऊन लागू नये म्हणून

३ मे, सकाळी ९.४०
लेक गेली. बदली झालीय, तिकडे घर बघायला. आठ दिवस. जाताना अट घातली: भोपळ्याला उन्हाचा त्रास न होऊ देता सांभाळलंत, तर कुत्रा कायमचा तुमच्याकडे. नाहीतर ती घेऊन जाणार. हात्तिच्या! तीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त केले. गारव्यातलं मला कोण शिकवणार?
खालच्या बाईंना कसलासा कागद देऊन गेली. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. कागद मिळाला की खूश.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून भोपळ्याला फिरवणे. ऊन चढायच्या आत परत.

४ मे, सकाळी ८.५५
अलार्म वाजला नसावा. दार उघडलं तर भोपळ्या फिरून आलेला, पट्टा बाईंच्या हातात. मला तसंही फिरायचंच होतं, म्हणाल्या. म्हटलं, न्या, माझी हरकत नाही. माणसाने मन मोठं ठेवावं.

दुपारी १२.०५
दाराबाहेरची डावी चप्पल गायब! बूट चांभाराकडे. बाहेर कसा जाणार? चोर कोण ते उघड आहे. विचारलं तर भोपळ्याने तोंड फिरवलं.

संध्याकाळी ५
चप्पल जागेवर. दात लागलेले नाहीत. माझा धाक.

६ मे
भोपळ्यासाठी स्वतः कूलर बनवला. जुन्या फ्रिजचा पंखा, पत्र्याचा डबा, बादलीभर बर्फ. बटण दाबलं. अख्ख्या बिल्डिंगची लाइट गेली. दोन तास. वरचा शिंपी जिन्यातून बोंबलत होता. प्रयोग म्हटला की थोडं इकडेतिकडे व्हायचंच.
भोपळ्या पहिल्याच आवाजाला खाली पळाला आणि बाईंच्या ओल्या फरशीवर जाऊन पसरला. त्या फरशीत विशेष काही नाही. अर्धा तास बसून तपासली.
बाईंनी लिंबूपाण्याचा जग आणून ठेवला. जास्त झालंय, म्हणाल्या. रोजच जास्त होतं. बाईंना अंदाज म्हणून नाही. मी संपवतो. शेजारधर्म.
चप्पल आजही बारा ते पाच बेपत्ता. कुत्रा वेळेचा पक्का आहे.

८ मे, दुपारी १.३०
लेकीचा फोन. भोपळ्या मजेत आहे, सांगितलं. तर म्हणे, बाबा, तुम्ही पाणी पिताय ना? विषय बदलायची जुनी खोड.
मग वाटलं, पाच दिवस झाले, मी स्वतः त्याला एकदाही फिरवलं नाही. आत्ताच्या आत्ता! चप्पल नव्हती. अनवाणी निघालो. भोपळ्या फाटकातल्या सावलीत बसला. ओढला, गोंजारला, बिस्किट दाखवलं. ढिम्म. शेवटी रस्ता तापलाय का ते मीच पुढे होऊन पाहिलं. तापलाय. सहा पावलं गेलो, नाचत परत आलो.
त्याचे पाय वाचवले. माझ्या तळव्यांना फोड.

दुपारी ३
डोकं गरगरतंय. भोपळ्या खाली जाऊन बाईंना घेऊन आला. आता पलंगाला टेकून बसलाय, बाईंची गार फरशी सोडून. हा गेला तर या घरात मी कोणावर ओरडू? कपाटावर?
लेकीला यातलं काही कळवायचं नाही. बाईंना बजावलंय. बाई नुसत्या हसल्या.

११ मे, संध्याकाळी ६.१५
लेक आली. भोपळ्या टुणटुणीत. मी लंगडत होतो, पण अट माझ्याबद्दल नव्हतीच.
सगळे बाईंकडे बसलो. टेबलावर तो कागद. वाचला. ‘दुपारी बाहेर सोडायचं नाही. बाराच्या आत चप्पल लपवायची. पाणी समोर धरायचं, मागण्याची वाट बघायची नाही. गोड डोळ्यांआड ठेवायचं. आवाज चढला तरी घाबरायचं नाही, मन चांगलं आहे.’
वा! कुत्र्यांची किती जाण! पोर माझ्यावर गेलीय. तसं बोलूनही दाखवलं. शाबासकी दिली. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.
कागद उलटला. मागे एकच ओळ: ‘भोपळ्या: काही सांगायला नको. शहाणा आहे.’
पुन्हा पुढची बाजू. वर, ठळक अक्षरात: ‘बाबा’.
निकाल लागला. भोपळ्या इथेच राहणार. लेक म्हणाली, तो असला की मला तिकडे तुमची काळजी नाही.
मी आवाज चढवला. कोणी घाबरलं नाही.
बाईंनी जग समोर धरला. प्यायलो.