ताईने मागितलेल्या शिफारशी

रविवार, ११ मे

प्रिय ताई,

आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे, टिल्लीचा खोकला गेला. भावोजी आणि मुलं मजेत असतील. मेसेजऐवजी कागदावर लिहितेय, कारण मेसेजला तू नुसता अंगठा पाठवून मोकळी होतेस आणि फोनवर मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तुझ्या न्यूजलेटरच्या वाचकांना सुचवायला माझी आवडती न्यूजलेटरं कोणती, असं तू विचारलंस. पालकत्व, सर्वसमावेशकता आणि रोजचं जगणं, असे विषयही दिलेस. विशेष मुलीची आई म्हणून माझ्या शिफारशीला वजन येईल, असंही लिहिलंस. तर घे.

पालकत्वासाठी एका दातांच्या डॉक्टरचं वाच. दर शुक्रवारी येतं. त्याचा मुलगा चाकाच्या खुर्चीत असतो. हा बाप उपदेश करत नाही. कुठल्या दुकानाला पायरी आहे, कुठला दुकानदार खुर्ची उचलायला धावतो आणि कुठला नेमका तेव्हाच हिशेबात डोकं घालतो, एवढंच लिहितो. मुलाबद्दल काही लिहिलं की आधी त्याला वाचून दाखवतो. मुलगा नको म्हणाला तर त्या शुक्रवारी काही येत नाही.

रोजच्या जगण्यावर एक निवृत्त नर्स लिहिते. उतू गेलेलं दूध, नवऱ्याचं घोरणं, शेजारणीशी धरलेला अबोला. वाचताना मी एकटीच खिदळत बसते. शेवटी तात्पर्य नसतं. तुला ते जमायचं नाही.

सर्वसमावेशकतेसाठी एका शिक्षिकेचं. तिने मागे लिहिलं होतं की, एखाद्या मुलाला आम्ही सांभाळून घेतलं असं कुणी सांगितलं, तर तेव्हा ते मूल नेमकं कुठे बसलं होतं, हे विचारावं.

ते वाचलं आणि तुझ्या घरचं जेवण आठवलं. आठवलं कसलं, विसरलेच नव्हते.

तुझ्या न्यूजलेटरच्या वाढदिवसाचं जेवण. मी स्वयंपाकघरात ताटं वाढत होते. टिल्ली हॉलमध्ये खुशीत होती, म्हणून ओरडत होती, टाळ्या पिटत होती. बोलता येत नसलं की आनंद असाच बाहेर पडतो, हे तू तिच्या जन्मापासून बघतेयस. मग तिचा आवाज थांबला. मी हातातलं तसंच टाकून शोधायला निघाले. मागच्या खोलीला बाहेरून कडी. आत दिवा बंद, आणि ती दाराला चिकटून बसलेली. स्वतःचा हात चावून चावून रक्त काढलेलं.

तू माझ्यामागे येऊन हळूच म्हणालीस, "अगं, पाहुण्यांचं शूटिंग चाललं होतं. म्हटलं, पाचच मिनिटं."

मी टिल्लीला उचललं, चपला हातात घेतल्या आणि जिना उतरले. टिल्लीचे बाबा म्हणाले, सोडून दे, बहीण आहे. आई म्हणाली, ताईच्या मनात तसं नसेल. कदाचित मी सोडलंही असतं. पण पुढच्याच आठवड्यात तुझं न्यूजलेटर आलं. विषय, माझी भाची मला काय शिकवते. वर टिल्लीचा फोटो, त्याच दिवशीच्या फ्रॉकमधला. खाली लोकांनी लिहिलेलं, किती मोठं मन आहे तुमचं.

काय शिकवलं गं तिने तुला? कडी लावायला?

तो लेख आणि तो फोटो काढून टाक. पत्र मिळेल त्याच दिवशी. शिफारशी खुशाल छाप, त्या लोकांना चार वाचक जास्त मिळतील. माझं नाव मात्र घालू नकोस, आणि विशेष हा शब्द तर मुळीच नको.

टिल्लीला भेटायचं असेल तर ये. मी अडवणार नाही. पण आल्यावर आधी तिच्यासमोर बसून माफी मागायची. माझी नाही, तिची. तिला बोलता येत नाही. ऐकू सगळं येतं.

टिल्लीची आई