ग्रेस्टनसाहेबांच्या पद्धतीने

३ एप्रिल १९८७, शुक्रवार. सायं. ७.
आज निर्णय घेतला. ३१ मेच्या आत श्रीमती वनमालाबाई यांस विवाहाविषयी विचारायचे. माझे वय एकाहत्तर, त्यांचे चौसष्ट. मी विधुर, त्या विधवा. मी तळमजल्यावर, मुलगा जयवंत व सूनबाई अनुपमा यांजकडे. त्या दुसऱ्या मजल्यावर, मुलगी नलिनी हिजकडे. अडचण एकच. त्यांचा मुलगा बाळा वाकोल्यास मोठी खोली घेत असून जूनमध्ये आईस तिकडे नेणार आहे. तेव्हा घाई करणे आवश्यक. मात्र घाई दिसता कामा नये.

पद्धत ठरलेली आहे. हॉलिवूडचे नामवंत नायक कै. रोनाल्ड ग्रेस्टन यांची. फोर्टातील इंग्रजी थिएटरात मी चौतीस वर्षे डोअरकीपर होतो. साहेबांचा प्रत्येक चित्रपट हाती टॉर्च धरून पाहिला. मला इंग्रजी येत नाही. शिक्षण इयत्ता चौथी, परंतु वर्गात पहिला. अभिनय समजण्यास भाषा लागत नाही. शेवटची दहा मिनिटे मात्र दरवाजे उघडण्याच्या ड्यूटीमुळे लॉबीत काढावी लागत. शेवट काय असतो हे शहाण्या माणसास पाहावे लागत नाही. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर येत. त्यावरून काय ते कळे.

६ एप्रिल, सोमवार.
रोज साडेपाच ते साडेसहा सोसायटीच्या बाकावर वनमालाबाईंस साहेबांचे चरित्र सांगतो. आमचे तिकीट क्लार्क मासिकांतून वाचून दाखवीत, ते मला पाठ आहे. आज पहिली तीन लग्ने झाली. एकूण लग्ने पाच, पैकी दोन एकाच बाईशी. वनमालाबाईंनी विचारले की मग हा माणूस चांगला कसा. मी खुलासा केला की त्या देशी इतर नट लग्नावाचूनच राहात. साहेब प्रत्येक वेळी रीतसर लग्न करीत. त्या म्हणाल्या, त्या बायकांना विचारून बघा एकदा. स्वभाव विनोदी आहे. अनुकूल लक्षण.

१३ एप्रिल, सोमवार.
दुसऱ्या पत्नीस साहेबांनी सलग सात दिवस पांढरी फुले पाठवली होती. मी मोगरा पाठवला. सात दिवस, द्रोणातून. आज वनमालाबाई स्वतः खाली आल्या. म्हणाल्या, देव अगदी प्रसन्न दिसतो हल्ली. उद्यापासून तुळस पण मिळाली तर बघा.
तुळस आणण्याचे मान्य केले. चरित्रात तुळशीचा उल्लेख नाही.

१६ एप्रिल.
साहेब स्त्रीची सिगारेट स्वतः पेटवून देत व त्या ज्योतीतून तिच्या डोळ्यांत पाहात. वनमालाबाई मिश्री लावतात. मिश्री पेटवता येत नाही. हा मुद्दा वगळला.

२० एप्रिल, सोमवार.
मोठी प्रगती. साहेब स्त्रीचा हात हाती घेऊन प्रथम दागिन्याची स्तुती करीत. आपल्याकडे हात घेणे अशक्य. म्हणून बाकाच्या दुसऱ्या टोकावरूनच वनमालाबाईंच्या पाटल्यांची स्तुती केली. संभाषण वाढावे म्हणून किती तोळ्यांच्या, असेही विचारले. चार, म्हणाल्या. नंतर, त्या नेहमी हातात असतात की कपाटात, असे विचारले. त्या वेळी नलिनीबाई ऑफिसातून येत होत्या. थांबल्या. माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मुलीच्या मनातही माझ्याविषयी विचार सुरू झालेला दिसतो.

२५ एप्रिल, शनिवार.
योजना पूर्ण झाली. येत्या शनिवारी सोसायटीचा सत्यनारायण. त्यानंतर गच्चीवर व्हिडिओ. सेक्रेटरी शिवदास यास दोन्ही हिंदी पिक्चर हवे होते. मी कमिटीपुढे उभा राहून सांगितले की नव्या पिढीस सभ्य वर्तन दिसले पाहिजे. चार दिवस रोज सांगितले. शेवटी शिवदास म्हणाला की लाव बाबा तुझा साहेब, पण बोलणे थांबव.
चित्रपट मी निवडला. मी याचे एकशे बारा खेळ केले आहेत. कथा अशी : समुद्रकाठी उंच कड्यावर बंगला. त्यात एक श्रीमंत विधवा एकटी राहते. ग्रेस्टनसाहेब पावसात भिजून दारी येतात. तिची सेवा करतात, औषध देतात, तिच्या हारांची स्तुती करतात. ती हसू लागते. पुढे अर्थातच लग्न. वनमालाबाईंस सर्व सांगून ठेवले. त्या म्हणाल्या, मग बघायलाच हवा. पिक्चर संपताच, दिवे लागताच विचारायचे. वाक्यही तयार आहे.

३ मे, रविवार. सकाळी ६.
झोप लागली नाही. घडले ते क्रमाने लिहितो.
पूजा उत्तम झाली. प्रसादाचा शिरा उत्तम. नलिनीबाई ऑफिसमुळे इंग्रजी जाणतात, त्या बायकांस अर्थ सांगत होत्या. मी सवयीने मागे, जिन्याच्या दाराशी उभा. पहिला दीड तास सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे झाले. वनमालाबाई एकदा वळून हसल्या.
नंतर शेवटची दहा मिनिटे आली.
साहेबांनी पेटीतून दागिने काढले. तीन वेगवेगळ्या बायकांचे. नलिनीबाईंनी मोठ्याने सांगितले की हा विधवांशी लग्न करतो, औषधातून विष देतो आणि कड्यावरून लोटतो. मग साहेब हसले. ते हसणे मी चौतीस वर्षांत ऐकले नव्हते. पोलिसांनी त्यांस कॉलर धरून नेले.
दिवे लागले. सर्व बिल्डिंगने मागे वळून माझ्याकडे पाहिले. शिवदास म्हणाला, "दत्ताराम, तुझा साहेब डांबिस निघाला रे." नलिनीबाईंनी आईस सांगितले की सोमवारीच पाटल्या बँकेत ठेवू. लोक हसले. वाक्य तयार होते, ते तसेच राहिले.
माझे ठाम मत : कॅसेट सदोष आहे. लायब्ररीवाल्याने दुसऱ्याच चित्रपटाचा शेवट जोडलेला आहे.

६ मे, बुधवार.
तीन दिवस वनमालाबाई बाकावर आल्या नाहीत. मी दररोज साडेपाच ते साडेसहा हजर होतो. आज अनुपमा म्हणाली, बाळाची खोली ताब्यात आली, १७ तारखेस आईला नेणार. मी विचारले, जून ठरला होता ना. ती म्हणाली, मामंजी, तुम्हाला काय करायचंय. मी काही नाही म्हणालो.

८ मे, शुक्रवार.
पत्र लिहिले. साहेबांनी चौथी पत्नी पत्रानेच मिळवली. (ही चौथी म्हणजेच पूर्वीची दुसरी.) चार कच्चे मसुदे केले. ऱ्हस्वदीर्घ तीनदा तपासले. विषय, संदर्भ, मायना, समारोप, सर्व जागच्या जागी. दुसऱ्या मजल्यावर हाती नेऊन देणे असभ्य दिसेल, म्हणून अंतर्देशीय पत्रावर लिहून मुलुंड पोस्टात टाकले. आता काळजी नाही. लिखित मजकुरास वजन असते.

१२ मे, मंगळवार. सायं. ७.
चार वाजता वनमालाबाई बाकावर आल्या. हाती माझे पत्र, न फोडलेले. त्या कधीच शाळेत गेलेल्या नाहीत, हे मला आजच कळले. म्हणाल्या, बाळाचे असेल तर नलिनी यायच्या आत वाचून दाखवा. मग स्वतःहून सांगितले की त्यांच्या मनात वाकोल्यास जाणे नाही. इथे बरे वाटते. पण मुलीच्या घरी थांबायला काही कारण तर हवे, कारण काय सांगणार. पिक्चरचे विचारले नाही. पाटल्या हातातच होत्या.
मी चष्मा लावला. पत्र फोडले. अक्षर चांगले आले होते. वाचू लागलो :
"आदरणीय महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, उभयपक्षी सोयीचा विचार करता..."
वनमालाबाईंनी हात वर केला. "ह्यां हापिसातलां दिसतां. पाण्याची टाकी धुवची आसा काय?"
पुढच्याच परिच्छेदात मुख्य मजकूर होता. मी त्याकडे पाहिले. त्यांच्याकडे पाहिले. होय म्हणालो.
त्यांनी विचारले, कधी. मी रविवार म्हणालो.
त्यांनी पदर सावरला. मग उठल्या. आम्ही दोघे एकाच तालुक्याचे, परंतु मी ती भाषा बोलत नाही. त्या म्हणाल्या, "इतक्यासाठी कागद कित्याक? तोंडान सांगूचां होतां."
पत्र माझ्याच खिशात राहिले. घरी येऊन पुन्हा वाचले. एकही चूक नाही.

१४ मे, गुरुवार.
उद्या तोंडी सांगणार.

१५ मे.
नलिनीबाई सोबत होत्या. उकाड्याविषयी बोलणे झाले.

१७ मे, रविवार.
टाकी धुणार असल्याचे वनमालाबाईंनी घरोघरी जाऊन सांगितले होते. काल रात्रीपासून सर्व बिल्डिंगने पिंपे, बादल्या, पातेली भरून ठेवली. सकाळी शिवदास विचारीत फिरला की ही नोटीस काढली कोणी. मी चौकशी करतो म्हणालो.
दहा वाजता बाळा टॅक्सी घेऊन आला. एक ट्रंक, एक वळकटी. सर्व खाली उतरले होते. मीही होतो. वनमालाबाई टॅक्सीत बसता बसता मला म्हणाल्या, पाणी जपून वापरा. मी हो म्हणालो.
घरी आलो तो मोरीपाशी दोन कळश्या भरलेल्या, वर ताटल्या झाकलेल्या. आमच्या नव्हेत. अनुपमा म्हणाली, वनमालाबाईंनी पहाटे आणून ठेवल्या, आज मामंजींची आंघोळ राहायला नको म्हणून.
नळाला दिवसभर पाणी होते.