यकृताच्या काठाची साडी

कोल्हापूर,
९ जुलै २००४

ती. अंजनाआत्यास,

सोनलचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार. तिकडे चंदगडचा पाऊस काय म्हणतो, काजूच्या पोत्यांना बुरशी आली नाही ना, तुझे गुडघे कसे आहेत, हे सगळं मी विचारलं असं समज आणि सगळं ठीक आहे असं तू कळवलंस असंही समज, कारण मला धीर नाही. आत्या, मी जिंकले!

पैज तुला आठवत असेलच (नसेल तर तुझ्या भावाला, आमच्या अप्पांना आठवते, साक्षीदार तेच होते). दिवाळीत तुझी साखर तीनशेच्या वर गेली. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी आता गोळ्या पुऱ्या पडणार नाहीत, इन्सुलिनची सुई घ्या म्हणून सांगितलं, आणि तू 'जनावराच्या पोटातनं काढल्यालं माझ्या अंगात घालायचं न्हाय' म्हणून तिथून तडक उठून आलीस. मी समजवायला गेले तर म्हणालीस, 'आधी पास हो जा, मग शिकीव मला.' वर अट घातलीस. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात मी नापास झाले तर मुकाट्याने हुपरीच्या त्या चांदीवाल्यांच्या मुलासमोर पोहे घेऊन जायचं. पास झाले तर तू मुकाट्याने सुई घ्यायची. मी तेव्हा हसले होते. पण खरं सांगू का, त्या दिवसापासून मला हुपरीची भीती कधीच वाटली नाही. भीती वाटली ती तुझ्यासाठीच.

तर ऐक. आमच्याकडे जर्नल म्हणून एक वही असते. शरीरातल्या एकेका अवयवाचा पापुद्र्याएवढा पातळ काप काचेवर लावलेला असतो, त्याला गुलाबी-जांभळा रंग दिलेला असतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि दिसेल तसा रंगीत पेन्सिलींनी वहीत काढायचा. जर्नल अपुरं असलं की प्रात्यक्षिकाला बसू देत नाहीत, म्हणजे सहा महिने गेले, म्हणजे हुपरी. माझं जर्नल मात्र वर्गात पहिलं होतं (हे मी नाही, बाई म्हणाल्या). यकृत आणि स्वादुपिंड तर अशी उतरली होती की शेजारच्या बाकावरच्या मुली ती चोरून बघायच्या.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी मी इचलकरंजीला पारसमामाकडे अभ्यासाला गेले. (त्याच्या यंत्रमागांच्या खडखडाटात अभ्यास कसा होतो असं विचारू नकोस. होतो. वसतिगृहात मुली एकमेकींना प्रश्न विचारून घाबरवतात, माग काही विचारत नाहीत.) परतताना जर्नल तिथेच विसरले. हा दोष माझा. पण मामाने वर्षभर माझ्यामागे टुमणं लावलं होतं, 'सोने, तुझा हात बरा हाय, साडीच्या काठाला एखादी नक्षी काढून दे की.' त्याने वही उघडली तर पानोपानी गुलाबी-जांभळी नक्षी! बिचाऱ्याला वाटलं, पोरीने शब्द पाळला.

मग मामाने शरीरशास्त्राची पारख सुरू केली. मूत्रपिंड त्याला गिचमिड वाटलं. फुप्फुसात भोकं फार. यकृताशी आला आणि म्हणे खुर्चीतून उठलाच. यकृत दिसतंच तसं, आत्या. षटकोनी खोल्या एकीला एक चिकटून, प्रत्येकीच्या मधोमध एक शीर, आणि तिच्याकडे चहूकडून येणाऱ्या पेशींच्या रांगा, सायकलच्या चाकातल्या तारांसारख्या. मामाच्या भाषेत जोडाला जोड आपोआप बसतो. त्याने यकृत आणि स्वादुपिंड अशी दोन पानं कात्रीने कापली आणि पिराजीला दिली. पिराजी म्हणजे त्याच्याकडचा नक्षीवाला, जो चित्र चौकटीच्या कागदावर उतरवतो आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडतो, की माग तीच नक्षी विणतो. पिराजीने यकृत काठावर घेतलं, स्वादुपिंड पदरावर घेतलं आणि काम झाल्यावर मूळ पानांवर तेलाचा डबा ठेवला.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मामा स्वतः कोल्हापूरला आला. एका हातात जर्नल, दुसऱ्या हातात मागावरून उतरलेली पहिली साडी, आणि चेहरा असा की स्वतःच पास झाला आहे. वहीत दोन चौकोनी खिडक्या पडलेल्या बघून मी भोकाड पसरलं. मामाला आधी ते आनंदाश्रू वाटले. खरा प्रकार समजल्यावर मात्र तो मटकन खाली बसला आणि म्हणाला, 'मी येऊन सांगू का तुज्या सायबास्नी?' मी नको म्हणाले. मामाने समजावून सांगितलेलं प्रकरण मिटल्याचं आपल्या घरात कुणाला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या विभागप्रमुख बाईंनी वही उघडली, खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि सही न करता बाहेरून आलेल्या परीक्षकांकडे सरकवली. परीक्षक उंच, किडकिडीत, हसण्याची सवय नसलेले. त्यांनी विचारलं, यकृत कुठे आहे? मी म्हणाले, सर, पिशवीत आहे. (याहून खरं उत्तर मला सुचलं नाही.) आणि साडी काढून टेबलावर पसरली. साडेपाच मीटर ती, चार सूक्ष्मदर्शक झाकून पलीकडे लोंबायला लागली. शिपाई ज्ञानूमामा धावत आले आणि त्यांनी पदर असा अदबीने धरला की मला लग्नातल्यासारखं वाटलं.

परीक्षकसाहेब काठावर बोट ठेवून म्हणाले, सांग. आणि आत्या, मी सुटले. रक्त षटकोनाच्या कोपऱ्यांतून शिरतं आणि पेशींच्या रांगांमधल्या बोळांतून मधल्या शिरेकडे जातं. पित्त त्याच्या उलटं, आतून कोपऱ्याकडे येतं. आणि दोघांची वाटेत गाठ पडत नाही, हे मी बोट फिरवत सांगितलं. जेवणातली जादा साखर हेच यकृत साठवून ठेवतं आणि उपासाला काढून देतं, हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, कोपऱ्यात काय चुकलंय? मी म्हणाले, तीन ठिपके हवेत, शीर, धमनी आणि पित्तनलिका. पिराजीने दोनच घेतले, पित्तनलिका विणायची राहिली. त्यांनी विचारलं, षटकोन इतके ठळक कुठल्या प्राण्यात दिसतात? मी म्हणाले, डुकरात. (हे एक वाक्य गाळून वाच.)

मग पदर. गर्द जांभळे घोस आणि मधे मधे फिकट गुलाबी बुट्ट्या. घोस पाचकरस तयार करतात. त्यांनी विचारलं, बुट्ट्या नसत्या तर? मी म्हणाले, तर ही कानाजवळची लाळग्रंथी समजून मी नापास झाले असते. या बुट्ट्या म्हणजे लँगरहॅन्सची बेटं, सर, इन्सुलिन इथून येतं. ही थकली की साखर रक्तातच राहते आणि माणूस आतून वाळत जातो. साहेब म्हणाले, हे पुस्तकातलं वाक्य नाही. मी म्हणाले, नाही सर, माझ्या आत्याचं आहे. तेव्हा माझा आवाज चिरकला. लाज वाटली, पण चिरकला.

त्यांनी जर्नल ओढलं, एका खिडकीखाली लिहिलं, 'यकृत व स्वादुपिंड साडीवर पाहिले', आणि सही केली. बाईंनीही केली. प्रात्यक्षिकाचे इतर विषय मी त्या तोऱ्यातच उडवले. बाहेर मामा उभा होता, त्याला मी भर रस्त्यात मिठी मारली.

तेव्हा आत्या, हुपरीकरांना कळव की मुलगी रिकामी नाही.

तुझी विजयी भाची,
सोनल

ता. क. सोबत साडी पाठवली आहे, नव्याने विणलेली. पिराजीने पित्तनलिका घातली आणि माझ्या सांगण्यावरून षटकोनांच्या रेघा पुसट केल्या. त्यामुळे आता हे यकृत माणसाचं झालं आहे आणि नेसून बसदीत देवदर्शनाला जायला हरकत नाही.

ता. क. २. निकाल अजून लागायचा आहे. महिना तरी जाईल. जैवरसायनाच्या लेखी पेपरात दोन प्रश्न मी कोरे सोडले, हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. ३. म्हणून पैज मीच मोडते. नापास झाले तर पोहे घेऊन जाईन, मुलगा कसाही असो. पण तू निकालासाठी थांबू नकोस. महिनाभर तीनशे साखर घेऊन तू बसून राहिलीस तर माझ्या पास होण्याला काय चाटायचंय? हे नवं इन्सुलिन जनावरातून काढत नाहीत, यीस्टमध्ये तयार करतात. यीस्टही जिवंत असतं हे तू म्हणणारच, तर जिलेबीच्या आंबलेल्या पिठातही हीच मंडळी असतात, आणि जिलेबी तू सोडलेली नाहीस. पत्र घेऊन आलेल्या अप्पांच्या थर्मासमध्ये चहा नाही, तो ओतू नकोस. आत बर्फ आहे आणि कापसात गुंडाळलेली बाटली. आधीच गडहिंग्लजला जाऊन त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आहे आणि गेले आठ दिवस ते मोसंब्यांना सुई टोचून हात बसवत आहेत. तू पहिली सुई घेतल्याशिवाय ते परतीची एसटी धरणार नाहीत, तेव्हा त्यांच्याही भाकरी हिशेबात धर.