आम्ही सावरलो म्हणे

ताई,

तुझ्या धाकटीचा नमस्कार, आणि भावोजींनाही सांग. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढतेस का अजून, की डॉक्टरांचं ऐकायला लागलीस? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (हे वाचून तू लगेच म्हणशील, "म्हणजे बरे नाहीत." पण पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून लिहिलं.) बाळाला आठवा महिना लागला, खालचे दोन दात आलेत आणि ते रोज माझ्या खांद्यावर तपासून बघतं. मीच जरा घाबरट झालेय. भूकंपाला चाळीस दिवस झाले, तरी आम्हाला ठेवलंय त्या शाळेसमोरून मालट्रक गेला की मी बाळाला उचलून मैदानात. परवा तशीच धावले, मैदानाच्या मधोमध जाऊन बघते तर कडेवर उशी. बाळ वर्गात, बाकाखाली, मजेत. सगळी शाळा हसली. मीही हसले, आणि मग नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले. (हे आईला सांगू नकोस.)

फोनच केला असता, पण आमच्यात फोन एक, तो सासूबाईंच्या उशाला, आणि वर्गात पाच घरं कान लावून. चौथीच्या वर्गात आहोत आम्ही. बाक उभे करून मध्ये भिंती केल्यात. फळ्यावर एक भागाकार अर्धा राहिलाय, तो सासूबाई कुणाला पुसू देत नाहीत, मुलं परत आली की त्यांना लागेल म्हणतात. आमचं घर उभं आहे, पण कसं उभं आहे ते विचार. मागची भिंत वरपासून खालपर्यंत फाटलीय. माझा हात मनगटापर्यंत आत जातो. आणि खोली एकच, त्यामुळे झोपायची जागा नेमकी त्याच भिंतीला लागून.

तर आता ऐक. मागच्या सोमवारी निरोप आला की तपासणीची माणसं येणार. मदत देणारे वेगळे आणि ती नीट पोचली का, तिचा उपयोग झाला का, हे बघणारे वेगळे. त्याला मूल्यमापन म्हणतात. (शब्द मी दोनदा विचारून घेतला.) मला वाटलं, चला, कुणीतरी विचारतंय. कारण सांगण्यासारखं ढीगभर होतं. घरटी एक पेटी मिळाली, तिच्यात दाढीच्या पात्यांची चार पाकिटं. आमच्यात दाढी एकट्या ह्यांना, तीही चार दिवसांनी. ब्लँकेटं मिळाली ती ऐन उन्हाळ्यात. बाळाला दुधाची बाटली मिळाली, पण बूच नाही. बुचं मागच्या गाडीत होती, आणि ती गाडी चुकून दुसऱ्याच गावाला गेली. म्हणजे तिकडच्या पोरांना नुसती बुचं.

पण निरोप ऐकून सासूबाईंच्या डोक्यात एकच शिरलं, माणसं येणार! माणसं म्हणजे पाहुणे, आणि पाहुण्यांना हा असला कोपरा दाखवायचा? फरशी माझ्याकडून दोनदा पुसून घेतली. मग त्या शेजारच्या कोपऱ्यात शिवणवालीकडे गेल्या. (नवरा नाही, दोन मुली, घर पार आडवं झालंय, पण बाई लाखात एक.) तिनं ढिगाऱ्यातून काय काय वाचवलेलं, शिलाई मशीन, खुर्ची, टेबलपंखा, स्टीलचे सहा कप. सासूबाईंनी नुसतं म्हटलं की आमच्याकडे बसायलाही काही नाही गं, तर ती म्हणाली, "न्या की काकू, माझ्याकडे कोण बघतंय?" स्वतः ढकलत मशीन आमच्या कोपऱ्यात आणून ठेवलं, वर फुलाफुलांचं कापड टाकलं. तिच्याकडे उरली एक सतरंजी. खोटं कशाला बोलू, मलाही छान वाटलं. महिन्याभरानं घरात आल्यासारखं. मी केस विंचरले, बाळाला पावडर लावली.

दोघं आली. एक मुलगी, हातात टॅब, तिला आता आम्ही फॉर्मवाली म्हणतो, आणि एक साहेब, ते फक्त मान हलवायचे. प्रत्येक प्रश्नाला पाच तोंडं दाखवायची, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि आपण एकावर बोट ठेवायचं. आता तूच सांग, ती पोर उन्हातून आलेली, तिच्या तोंडासमोर रडक्यावर बोट कसं ठेवायचं? तिलाच वाईट वाटेल असं वाटलं मला. ब्लँकेटं कशी होती? हसरं. पेटी उपयोगी पडली? हसरं. बाटलीला मी मधलं तोंड दाखवणार होते, तेवढ्यात बाळानंच हात मारला, तोही हसऱ्यावर. बाकीची उत्तरं सासूबाईंनी दिली. जेवण किती वेळा होतं? "तीन वेळा, आणि कुणी आलं तर त्याच्याबरोबर चौथ्यांदा." झोप लागते का? मी तोंड उघडलं, तोवर ह्या म्हणतात, "लागते म्हणजे काय, उठवावं लागतं!" घरी परत जायला भीती वाटते का? "आमचं घर माझ्या मालकांनी स्वतःच्या हातानं बांधलंय," असं म्हणाल्या, अशा आवाजात की जशी काही त्या मुलीनं सासऱ्यांना शिवी दिली. मुलीनं मशीनकडे बघून विचारलं, चालतं का हे? "चालतं? पळतं!" मग सहा कपांतून चहा झाला. साहेबांनी जाताना मान जरा जास्तच हलवली.

शुक्रवारी वर्गाच्या दारावर यादी लागली. आमच्या नावापुढे लिहिलंय, 'सावरलेले कुटुंब'. सावरलेल्यांना पत्रे नाहीत, सिमेंट नाही, भिंतीची दुरुस्ती नाही, आणि त्यांनी येत्या रविवारपर्यंत शाळा सोडायची. मी यादी तीनदा वाचली. आणि शिवणवालीला काय मिळालं? पत्रे, ते मिळायलाच हवेत, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण शिवाय खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, कप मिळाले, आणि पोट भरायचं साधन नाही म्हणून एक नवं कोरं शिलाई मशीन मिळालं! बाई एक, पाय दोन, मशिनी दोन. ती बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, "जुनं मशीन तू घे गं, पण पत्रे कसे देऊ, पोरींच्या डोक्यावर घालायचेत." मी म्हटलं, बाई, मी मशीन घेऊन काय त्या भिंतीला टाके घालू?

शनिवारी आम्ही दोघी त्यांच्या कार्यालयात गेलो. (कार्यालय म्हणजे बाजारातली बंद पडलेली चपलांची दुकानखोली. अजून फळ्यांवर नुसते खोके आहेत.) शिवणवालीनं सरळ सांगितलं, सामान माझं होतं, हिचं काही नाही. तिथला माणूस म्हणतो, असं असेल तर तुमची माहिती चुकीची ठरते, मग तुमचंही नाव कापावं लागेल. ताई, ही बाई खोटं बोलली तर पत्रे मिळतात, आणि खरं बोलली तर जातात. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, नाही हो, सामान आमचंच आहे. म्हणजे आता माझ्या सहीनं आम्ही सहा कपांचे मालक झालो. माणसाला जरा दया आली असावी. म्हणाला, भिंतीचं म्हणता तर मंगळवारी इंजिनियर पाठवतो. त्यानं लिहून दिलं तर रविवारचं रद्द होईल.

मी उड्या मारत आले. हीच माझी चूक, घरात बोलून दाखवलं. मंगळवारी इंजिनियर आला, आम्ही घराचं दार उघडलं, तर भिंतीला तडाच नाही! सासूबाईंनी ह्यांना हाताशी धरून आदल्या दिवशीच लोखंडी कपाट सरकवलं होतं तड्यापुढे, आणि वरच्या भागावर मोठी चादर टांगलेली, घडीच्या रेघांसकट. परक्या माणसाला फाटलेली भिंत दाखवायची म्हणजे त्यांना अंगावरचं फाटकं दाखवल्यासारखं वाटतं. इंजिनियर घाईत. त्यानं समोरच्या भिंतीवर दोनदा टकटक केलं, म्हणाला, ठीक वाटतंय. सासूबाई म्हणाल्या, "बसा ना, चहा घ्या."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी इंजिनियरला म्हटलं, साहेब, तुम्ही भिंत बघायला आलात की चादर? मूल्यमापन करता म्हणता, मग दिलेल्या मदतीला मार्क द्यायचे ते सोडून आम्हालाच मार्क कसले देता? घर पुसलं म्हणून मार्क कापता? आम्ही काय घाण करून बसायचं होतं, पोराला उपाशी रडवायचं होतं तुमच्यासमोर? पाच तोंडं दाखवता, त्यात घाबरलेलं एकही नाही! माझं तोंड कुठंय त्याच्यात? आणि सासूबाईंना म्हटलं, तुमची अब्रू त्या कपाटामागे ठेवा, पण माझं बाळ तिथे झोपणार नाही. हे सगळं मी मोठ्यानं म्हटलं.   हे जमिनीकडेच बघत राहिले.

असो. लिहायला बसले की थांबता येत नाही. तू काळजी करू नकोस, काही पाठवू नकोस, आम्हाला काही नको. गुडघ्यांना तेल लाव. भावोजींना नमस्कार, आईला पापा.

तुझी धाकटी

ता. क. दुधाच्या गाडीवाल्याकडे पत्र देतेय, उद्या सकाळी तुला मिळेल. गाडी अजून आली नाही, म्हणून अजून थोडं लिहिते.

ता. क. २. ताई, इंजिनियरला मी त्यातलं काही म्हटलं नाही. सासूबाईंनाही नाही. सगळं मनात म्हटलं आणि चहा आणून दिला. जाताना त्यानं विचारलं, ताई, तुमचं काही म्हणणं? मी म्हटलं, नाही, थँक्यू. काल संध्याकाळी ह्यांनी सामानाची पहिली फेरी घरी नेली. हे म्हणतात, आई म्हणते तर जाऊ, इतके दिवस भिंत पडली नाही तर आता कशाला पडेल. बाळाचा पाळणा त्या कपाटाशेजारी लावून आलेत.

ता. क. ३. शनिवारी कार्यालय दुपारपर्यंत उघडं असतं. तू ये. भांडायला नको, शिवणवालीचं नावही काढायचं नाही. फक्त कपाट सरकवायला माझ्याबरोबर हात लाव, आणि कार्यालयातल्या त्या माणसाला आणून तिथे उभं करून मी बोलत असताना माझ्या शेजारी उभी राहा. मला कुणासमोर वाईट बोलताच येत नाही गं. तू असलीस की येईल. गुडघे दुखत असतील तरी ये.

ता. क. ४. येताना चांगले कपडे घालू नकोस. आणि इथे कुणीही विचारलं, प्रवास कसा झाला, तर चुकूनही छान झाला म्हणू नकोस.