वरून दिलेलं तिकीट

रविवार, १६ नोव्हेंबर

सासूबाई आज ठेवणीतली हिरवी साडी नेसल्या होत्या. आयुष्यातलं पहिलं नाटक, म्हणून शेवगावहून नगरला नेलं. यांना ऐनवेळी काम निघालं, एक तिकीट उरलं. दारावर हाउसफुल्लचा फलक. मी पाण्याची बाटली आणायला गेले तेवढ्यात त्यांनी ते एका नव्या जोडप्याला दुप्पट भावात विकलं. जन्मभर बाजारात भाजी विकलेली बाई, मागणी बघून भाव लावणारच.

मी मात्र चारचौघांत ओरडले, "आई, हा काळाबाजार आहे! पोलीस धरतील!"

कायदा मला तरी कुठे माहीत आहे? खरंच धरतात? की मलाच लाज वाटली?

त्या घाबरल्याच. जोडपं दुसरं तिकीट शोधत तिथंच उभं होतं. सासूबाईंनी त्या पोरीला हाक मारली आणि भाजीवर कोथिंबीर द्यावी तसं स्वतःचं तिकीट तिच्या हातावर ठेवलं.

"आता दोन तिकिटं, दोनाचंच पैसं. न्हाई ना गं गुन्हा?"

मी माझं तिकीट पुढे केलं, तर मलाच आत ढकललं. "जा तू. मी बसते हितं पायरीवर."

आणि मी गेले. का गेले?

येताना एसटीत हिरवा पदर सावरत त्यांनी हौसेनं विचारलं, "शेवटाला काय झालं गं?"

अख्खं नाटकभर मी दाराकडेच बघत होते.