ह्यांच्या थडग्यावरचं ससेगवत

२४ फेब्रुवारी
टेकडीवर जाऊन आले. बाकीच्यांच्या थडग्यांवरचं गवत अजून पेंढ्यासारखं वाळकं, आणि ह्यांचं मात्र हिरवंगार! लगेच भावजींना फोन केला — तुमच्या दादांवर वाडवडिलांची कृपा दिसते.

२६ फेब्रुवारी
शेजारच्या ओकबुन आजींना कौतुकानं दाखवायला नेलं. त्यांनी वाकून एक पान खुडलं. "अगं, हे खरं गवत कुठलं? तीन पानं, मधे पांढरी चंद्रकोर. ससेगवत आहे हे. बाकी सगळं वाळलेलं असताना हेच हिरवं राहतं."
म्हणजे दोन दिवस मी तणाचं कौतुक करत होते.

९ मार्च
उपटायला बसले. एक ओढावं तर हातभर वेल येते, पेरापेराला मुळं. तुकडा राहिला की तिथेच पुन्हा रुजतो. गुडघे गेले.

५ एप्रिल
हान्सिकचा सण. थडगी सावरायला सगळे जमले. सांगग्यू भावजींनी ससेगवत बघून तोंड वाकडं केलं. "वहिनी, दरवर्षी हे कोण निस्तरणार? शरदातल्या छुसकच्या सणापर्यंत साफ झालं नाही, तर दादांना इथून काढून शहरातल्या अस्थिभवनात ठेवू. ना गवत, ना कटकट."
तिथे कप्पा एकाचाच. इथे ह्यांच्या शेजारची जागा माझी आहे, ह्यांनीच राखलेली. हे गेल्यापासून तेवढ्यावरच चाललंय माझं — आज ना उद्या तिथे जाऊन पडायचं. फार भीती वाटली. घास उतरला नाही.

१८ एप्रिल
शेतीऔषधांच्या दुकानात पान दाखवलं. दुकानदारीण म्हणाली, "फक्त रुंद पानांना मारणारं औषध न्या, ताई. गवताला काही होत नाही. वारा नसताना फवारा. आणि माती उघडी ठेवू नका, ससेगवत तिथेच शिरतं."
ओकबुन आजी फवारणी बघत उभ्या. "नवऱ्याच्या अंगावर विष घालतेस?"
म्हटलं, "जन्मभर माझ्या हातचं मुकाट जेवलेत. हेही सोसतील."

९ मे
ससेगवत पिवळं पडून वाळलं, गवत शाबूत! जागोजागी टक्कल पडलंय — हेही पन्नाशीत असेच दिसायचे. एकटीच हसले. मग मातीसकट गवताचे तुकडे आणून तिथे थापले.

२० जुलै
पाऊस. गवत दाटलं. दोन कोंब पुन्हा दिसले, मुळासकट काढले.

१४ सप्टेंबर
भावजी गवत कापायचं यंत्र घेऊन आले. आधी वाकून वाकून बराच वेळ शोधलं. एक पान सापडलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादा इथेच राहू देत, वहिनी. कप्प्यात मलाही बघवलं नसतं."
घरी येऊन पोटभर रडले, आणि पोटभर जेवले.

१० ऑक्टोबर
भावजींनी माझ्या जागेतली झुडपं काढून दिली. माती उघडी पडली, म्हणून तिथे लसूण लावला. ओकबुन आजी म्हणाल्या, "स्वतःच्या थडग्याच्या जागेत लसूण?"
जूनमध्ये काढायचा आहे. तोवर मला मरायला सवड नाही.