दादाच्या आवाजाचा बॅकअप

९ ऑगस्ट १९९८, रविवार. विश्रामबाग, सांगली.

दादा आणि वहिनी साताऱ्याहून आले. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. घशातला रोग पुढे गेलाय, स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन एकोणीस तारखेला.

दादा म्हणजे विष्णुपंत मास्तर. शाळेत पी.टी. शिकवली आणि सगळी उमर जत्रांमधल्या कुस्त्यांचं निवेदन केलं. कुंडलच्या मैदानात माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला कळायचं की लाल लांगेवाला पैलवान कुठल्या तालमीचा. आता चहा मागतानासुद्धा आवाज घोगरा येतो.

घरात सगळे रडवेले. मी शांत आहे. कुणीतरी शांत राहायला हवं.

१० ऑगस्ट

वहिनीने पिशवीतून टेपरेकॉर्डर आणलाय. भार्गवीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, ऑक्टोबरात दिवस भरतायत. नातवंडाला आजोबांचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून टेप करून ठेवायचा आणि बारशाला लावायचा, असा बेत. कल्पना चांगली, साधन चुकीचं.

मी म्हटलं, कॅसेट? आजच्या काळात? फीत गुंतते, बुरशी धरते, एक दिवस कुणीतरी वरून सिनेमाची गाणी टेप करतं. आपल्याकडे कॉम्प्युटर आहे. डिजिटल आवाज शंभर वर्षं जसाच्या तसा. वहिनी म्हणाली, मग दोन्हीवर घेऊ या ना भावजी. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नसेल तर राहू दे.  टेप पुन्हा पिशवीत गेला.

वाईट वाटलं थोडं. पण प्रश्न तत्त्वाचा होता.

१६ ऑगस्ट, रविवार

रेकॉर्डिंग पार पडलं. पाऊण तास. सुरुवातीला माझं प्रास्ताविक, त्याची फाइल वेगळी ठेवली.

दादाने आधी बाळाला नुसत्या हाका मारल्या. नाव ठरलेलं नाही, म्हणून अगं आणि अरे दोन्ही. मग एक कोल्ह्याची गोष्ट. मग अचानक खुर्चीतून उठला आणि निवेदनच सुरू केलं. एका बाजूला विष्णुपंत मास्तर, दुसऱ्या बाजूला कालच जन्मलेलं पोर, पोराने आजोबाचा पट काढला, आजोबा खाली, बसा खाली मंडळी, मागच्यांना दिसत नाही. शेवटी आजोबा चितपट. सगळे हसले. आमची सौ., उमा, हसता हसता उठून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आली नाही.

मध्ये दोनदा दादाला खोकला आला. मी म्हटलं, तेवढा भाग परत घेऊ. दादा म्हणाला, असू दे रे, ते पण माझंच आहे.

२० ऑगस्ट

काल ऑपरेशन झालं. दादा शुद्धीवर आला, वहिनीकडे बघून तोंड उघडलं. काही आलं नाही. गळ्याला भोक पाडलंय, त्यातून श्वास येतो-जातो. वहिनीने त्याचा हात धरला आणि तशीच उभी राहिली.

मी तिला धीर दिला. आवाज सी ड्राइव्हमध्ये सुखरूप आहे म्हटलं. सी ड्राइव्ह म्हणजे काय तेही समजावलं. तिचं लक्ष नव्हतं.

२४ ऑगस्ट

कराडच्या पुष्करचा फोन. आमचा कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिलाय. रेकॉर्डिंगचं सांगितलं तर म्हणाला, काका, एकाच डिस्कवर ठेवू नका, बॅकअप घ्या. जणू मला ते सुचलं नसतं.

बॅकअप घ्यायचाच आहे. पण शास्त्रशुद्ध. फाइल एवढी मोठी की एका फ्लॉपीत मावत नाही, तिचे तुकडे करून अनेक फ्लॉप्यांवर घालावे लागतात आणि ते काम बॅकअप सॉफ्टवेअर करतं. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर अशी तीन सॉफ्टवेअर आहेत. पुष्कर म्हणतो, विंडोजमध्ये आहे तेच वापरा. चहाच्या पुड्यावर फुकट मिळणाऱ्या चमच्याने कुणी श्रीखंड वाढतं का?

तिन्हींचा तौलनिक अभ्यास करणार. आठवड्याभरात निर्णय.

३१ ऑगस्ट

अभ्यास चालू. पहिल्यावर तिजोरीचं चित्र आहे, बघूनच विश्वास बसतो. दुसरं वेगवान, पण फार प्रश्न विचारतं. तिसऱ्याच्या मदतपानावर स्पेलिंगच्या दोन चुका. ज्यांना आपली भाषा नीट लिहिता येत नाही त्यांच्या हाती दादाचा आवाज कसा द्यायचा?

उमा म्हणाली, कुठलंही घ्या, पण आज घ्या. बायकांना मुळात घाई फार.

४ सप्टेंबर

दादाला कालच घरी आणलं. आज कुंडलहून गुंडा वस्ताद त्याला भेटायला आला, गावरान तुपाचा डबा घेऊन. कितीतरी मैदानं दोघांनी मिळून गाजवलेली. दादासमोर बसला आणि म्हणाला, मास्तर, लय वंगाळ झालं बगा. तुमच्याबिगर मैदान मुकं हाय. दादाने पाटीवर लिहिलं, मैदानात हलगी आहे की. (आता दादा पाटी-पेन्सिल घेऊन असतो.)

मी रेकॉर्डिंग लावून दाखवलं. गुंडा टॉवेल तोंडाला लावून रडला. नंतर म्हणाला, आवं सायेब, येची एक कॅसेट मला द्या की. टेप म्होरं ठिवायचा, कॉम्प्युटर लावायचा, झालं. त्यात काय हाय?

वहिनीने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी दोघांना शांतपणे सांगितलं की स्पीकरमधून माईकमध्ये घेतलेला आवाज गाळणीतून गाळलेल्या चहासारखा, खालचा अर्क राहूनच जातो. दादाच्या आवाजाची असली हेळसांड माझ्या घरात होणार नाही. आधी रीतसर बॅकअप, मग प्रत. गुंडा म्हणाला, तुमी शिकल्यालं हाय, तुमी म्हनशीला तसं. समजूतदार माणूस.

७ सप्टेंबर, सोमवार

निर्णय झाला! तिजोरीवालं. पंधरा दिवस वापरायला फुकट, मग पैसे. पसंत पडलं तर पैसे भरू. लगेच चाचणी घेतली. माझ्या प्रास्ताविकाची छोटी फाइल फ्लॉप्यांवर घातली, परत काढली, ऐकली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माझा आवाज रेकॉर्डिंगला चांगला आहे असं लक्षात आलं.

आता दादाचा घ्यायचा, तर लक्षात आलं की आजपासून पितृपक्ष. नवीन काही सुरू करायचं नाही. त्यातून जिवंत माणसाचा आवाज तुकडे करून डब्यात भरायचा, आणि तो नेमका पितरांच्या पंधरवड्यात? माझ्याच अंगावर काटा आला. उमा म्हणाली, पितृपक्षात भाजी आणता, दाढी करता, मग हेच का अडतं. मी पंचांग मिटलं. काही गोष्टी वादाच्या नसतात.

१५ सप्टेंबर

दादा-वहिनी साताऱ्याला गेले. निघताना वहिनी म्हणाली, भावजी, तेवढं बघा हं. मी म्हटलं, काळजीच सोडा.

आठ दिवसांत माझीही काळजी गेलीय. शांत झोप लागते.

२२ सप्टेंबर

काल घटस्थापना. पाहुण्यांमुळे काल जमलं नाही. आज आंघोळ करून, सोवळ्यात नाही पण स्वच्छ कपड्यात बसलो. सॉफ्टवेअर उघडलं तर मुदत संपली म्हणतं, पैसे भरा! पंधरा दिवस झाले म्हणे. सगळा पितृपक्ष त्याने मोजला. शेवटी परदेशी, त्याला काय कळणार.

अशा हिशेबी लोकांना एक पैसा देणार नाही. पुन्हा अभ्यास. दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे मी उगाच पूर्वग्रहाने बघत होतो. जे जास्त प्रश्न विचारतं ते जास्त काळजी घेतं, असाही अर्थ निघतो.

२७ सप्टेंबर, रविवार

दुसरं सॉफ्टवेअर पक्कं. फ्लॉप्यांची खोकी आणली. सगळ्या तपासून, लेबलं लावून तयार. सगळ्या काळ्या. निळ्या-काळ्या मिसळायच्या नाहीत असं ठरवलंय.

उमा दारात उभी राहून म्हणाली, आता तरी करा. पण बुधवारी खंडेनवमी, गुरुवारी दसरा. साडेतीन मुहूर्तांतला एक पूर्ण मुहूर्त दारात आला असताना आज, अशा आडदिवशी? एवढा थांबलो, चार दिवसांनी काय बिघडतंय? खंडेनवमीला यंत्राची पूजा, दसऱ्याला बॅकअप. वहिनीला फोन करून सांगितलं. ती नुसतं बरं म्हणाली.

३० सप्टेंबर, खंडेनवमी

पूजा यथासांग झाली. लोक कॉम्प्युटरच्या खोक्याला बाहेरून कुंकवाचं बोट लावतात आणि हार घालतात. म्हणजे तालमीतल्या मातीऐवजी तालमीच्या दाराची पूजा केल्यासारखं झालं. दादाचा आवाज आत आहे, तर पूजाही आतच व्हायला हवी. वायर काढली, स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं. उमा म्हणाली, अहो, बाहेरूनच करा ना. मी म्हटलं, तू उदबत्ती लाव.

हार्ड डिस्क पाटावर घेतली. किती लहान वस्तू, आणि त्यात माझा अख्खा दादा!  फुलाने कृष्णेचं पाणी शिंपडलं. वरच्या बाजूला बारीक भोक आहे, ते झाकू नये असं इंग्रजीत लिहिलंय. झाकलं नाही, शेजारी गंध लावलं. उलटी केली तर हिरवी पाटी. हिरव्यावर हळदकुंकू फार खुलून दिसतं. अक्षता वाहिल्या. नारळ मात्र लांब फोडला, तेवढं तंत्रज्ञान मला कळतं.

ओवाळताना दादाचं ते निवेदन डोक्यात घुमत होतं. परत सगळं जागच्या जागी बसवलं. आज यंत्राला विश्रांती.

१ ऑक्टोबर, दसरा

सकाळी मुहूर्तावर बटण दाबलं. चरचर आवाज, थोडा वास. वास उदबत्तीचा असावा. पडद्यावर अक्षरं आली, डिस्क सापडत नाही.

दहा वेळा बंद-चालू केलं. दमट हवा आहे. उद्या सुकेल.

सोनं वाटायला बाहेर गेलो नाही.

३ ऑक्टोबर

पुष्कर कराडहून आला. झाकण उघडलं, आत बॅटरी मारली. मग विचारलं, काका, हे काय आहे? मी म्हटलं, गंध. आणि हे? अक्षता. पाणी कसं गेलं आत? मी म्हटलं, कृष्णेचं आहे, साधं नाही.  त्याने डिस्क काढून हातात दिली आणि म्हणाला, जळलीय. मुंबईत एक जण प्रयत्न करतो, पण आशा ठेवू नका.

हे तंत्रज्ञ लोक नेहमी आधी नाही म्हणतात. व्होल्टेजचाही काहीतरी घोळ असणार.

४ ऑक्टोबर

चाचणीच्या फ्लॉप्या आठवल्या! पुष्कर तात्पुरती एक जुनी डिस्क बसवून गेला होता, त्यावर तिजोरीवालं नव्याने घालून लगेच उतरवून लावल्या. आवाज अगदी स्वच्छ आला. माझा. मंडळी, एक असा आवाज, जो आपण सर्वांनी मैदानोमैदानी ऐकला, तो आता आपल्यासमोर येत आहे.

फाइल तिथे संपते.

उमा ऐकत होती. उठून बाहेर गेली. 

१३ ऑक्टोबर

भार्गवीला मुलगी झाली. दोघी ठीक. वहिनीचा साताऱ्याहून फोन. बारसं पंचवीसला, तुम्ही आवाज घेऊन या, हे रोज पाटीवर तेच विचारतात. मी म्हटलं, डिस्क जास्त सफाईसाठी मुंबईला पाठवलीय.

खरं तर अजून कपाटात आहे. पण फडक्यात गुंडाळून वर मुंबईचा पत्ता लिहिलाय, म्हणजे गेल्यातच जमा. उद्या कुरियर करतो.

२२ ऑक्टोबर

मुंबईचा फोन. काही निघणार नाही म्हणतात. नीट बघितलंच नसेल.

उमा म्हणाली, वहिनींना आजच सांगा. मी म्हटलं, बारशाच्या तोंडावर त्या माउलीचा आनंद कशाला घालवायचा. उमा म्हणाली, तुम्हाला भीती वाटते, सरळ म्हणा की. चूक. मी फक्त योग्य वेळ बघतोय.

२५ ऑक्टोबर, रविवार. साताऱ्याहून परतीची एस.टी.

बारसं झालं. आत्याने कानात नाव सांगितलं, मृण्मयी. दादा पाळण्याशी वाकला. ओठ हलवत होता. तोंडातून काही नाही, गळ्याच्या भोकातून नुसता वारा. पोर त्याच्याकडे बघत होती.

त्याआधी सकाळी दादा मला मागच्या अंगणात घेऊन गेला होता. पाटीवर लिहिलं, गेला का रे? मी तांत्रिक बाजू सांगायला लागलो. त्याने हाताने थांबवलं आणि तोच प्रश्न पुन्हा पुढे धरला. मी मान हलवली. त्याने कोपराने पाटी पुसली. बराच वेळ पुसत होता, पाटी कोरी झाली तरी.

पंगत बसली तेव्हा वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली, भावजी, लावा ना आता. मी घास गिळत होतो. तेवढ्यात दादाने पाटी वर केली. शाळेच्या फळ्यावर लिहायचा तशी मोठी अक्षरं: आवाज घोगरा आला होता. मला आवडला नाही. मीच पुसायला लावला.

वहिनीने ते वाचलं. मग तिचा तोल गेला. म्हणाली, तुमचा एकट्याचा होता का तो? पोरीने पोटातल्या बाळाला सांगितलं होतं, आजोबा बोलणार आहेत म्हणून. घोगरा तर घोगरा, माझ्यासाठी तरी ठेवायचात! एवढं आयुष्य तुमचं ऐकलं, एकदा मला विचारावंसं वाटलं नाही? भार्गवी पोरीला घेऊन आत गेली. दादा खाली मान घालून बसला होता.  उमा माझ्याकडे बघत होती.

वहिनी डोळे पुसून जिलबीचं ताट घेऊन माझ्यापाशी आली. म्हणाली, माफ करा भावजी, तुम्ही केवढी मेहनत घेतलीत आणि ह्यांनी मातीत घातली. वाढू?

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, एक वाढा.